कपिकुळाची साडेसाती

शनिशिंगणापूरला माणसं हिशेब घेऊन येतात. कुणाचा धंदा बसलेला असतो, कुणाच्या मुलाचं लग्न ठरता ठरता मोडतं, कुणाच्या उसाला वेळेवर तोड मिळत नाही. तोंडाने कुणी बोलत नाही, पण रांगेतल्या बहुतेकांच्या मनात एकच सवाल असतो: आपलं नेमकं कुठे चुकलं? शनी हा न्याय करणारा देव. तेव्हा शिक्षा आहे म्हणजे मागे कुठेतरी अपराध असणारच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. अख्खं गाव याच भरवशावर झोपतं. घरांना चौकटी आहेत, कवाडं नाहीत. २०११ साली इथे युको बँकेची शाखा उघडली, तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिची बातमी देशभर गेली. चोराला देव बघून घेईल एवढी खात्री असेल, तर कुलपात पैसे कशाला घालायचे!

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मीन राशीचे. साडेसातीच्या ऐन मध्यावर आहेत. त्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा रांगेत वेळ जावा म्हणून मी हल्ली काय वाचतोय ते सांगत होतो. आपल्या देशात फार पूर्वी मोठाले, शेपूट नसलेले कपी हिंडत होते. लाखो वर्षं नांदले आणि मग एकही उरला नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांचं काय चुकलं होतं?"

त्या रांगेत दुसरा कुठला प्रश्न सुचणार!

शनीला सूर्याभोवती एक फेरा पुरा करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. शिवालिक टेकड्यांमधले शेवटचे मोठे कपी संपले त्याला सुमारे ८५ लाख वर्षं झाली. म्हणजे शनीचे जवळजवळ २ लाख ८८ हजार फेरे. त्याआधी ४० लाखांहून अधिक वर्षं हे कपी त्या जंगलात फळं खात होते. आपली, होमो सेपियन्स जातीची सगळी कारकीर्द जेमतेम ३ लाख वर्षांची. त्यांना नापास म्हणायला आपण अजून पहिल्या चाचणीलाही बसलेलो नाही.

तो काळ मायोसीन. माणसं सोडून बाकी कपी म्हणजे आज गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो, बोटांवर संपतात. मायोसीनमध्ये त्यांच्या तीसहून अधिक प्रजाती होत्या, आणि त्या आफ्रिकेपुरत्या नव्हत्या. स्पेन-फ्रान्सपासून चीनपर्यंत त्यांचं राज्य होतं. फ्रान्समध्ये १८५६ साली, डार्विनचा ग्रंथ यायच्या तीन वर्षं आधी, ड्रायोपिथेकसचा जबडा सापडला. इटलीत टस्कनीच्या कोळशाच्या खाणींतून ओरिओपिथेकस निघाला. माकडं त्या काळी बाजूला अंग चोरून होती. त्या युगात कुणी पैज लावली असती तर ती कपींवरच लावली असती.

आपल्याकडच्या कपींचं बारसं मात्र फार थाटात झालं. गाय पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने १९१० साली एकाला शिवपिथेकस नाव दिलं. पुढे येल विद्यापीठाचा एक तरुण संशोधक, जी. एडवर्ड लुईस, १९३२ साली हिमाचलातल्या हरितल्यांगरला आला. तिथे त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला आणि १९३४ साली त्याने त्याचं नाव ठेवलं रामपिथेकस. हात सैल सुटला तसा त्याने ब्रह्मपिथेकसही करून टाकला आणि सुग्रीवपिथेकसही. माझं मत विचाराल तर यांत सुग्रीवाचंच नाव तेवढं जागेवर बसलेलं. वानरराजाचं नाव वानराला. बाकीचे देव उगाच ओढलेले.

रामाच्या नावाचा तो जबडा पुढे फार मोठा झाला. दात लहान, सुळे आखूड, वरचं कवच जाड. १९६१ साली एल्विन सायमन्स यांनी मांडलं की हा कपी नव्हेच, हा माणसाचा पूर्वज. पुढे डेव्हिड पिलबीमही त्यांच्यासोबत आले. दीड कोटी वर्षांपूर्वी आपला वंश वेगळा झाला आणि त्याचा आरंभ शिवालिकात झाला, अशी ती मांडणी. भारतात ती कुणाला गोड लागली नसती! आमच्या वेळच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत रामपिथेकस ताठ उभा असे, केसाळ, थोडा वाकलेला, हातात काठी. खरं तर त्याच्या पायाचं एक हाडही तेव्हा कुणाला मिळालेलं नव्हतं. जबड्याच्या तुकड्यावरून चित्रकाराने त्याला चालायला लावलं होतं.

१९६७ साली बर्कलीत व्हिन्सेंट सारिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातली प्रथिनं ताडून पाहिली. माणूस आणि आफ्रिकी कपी जेमतेम ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, असं त्यांच्या गणितात आलं. दीड कोटी वर्षांपूर्वीचा मानव-पूर्वज त्यात बसेचना. हाडंवाले आणि रक्तवाले दहा-बारा वर्षं भांडले. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीम यांच्याच तुकडीला शिवपिथेकसचा जवळजवळ अख्खा चेहरा मिळाला आणि १९८२ साली तो 'नेचर'मध्ये छापून आला. डोळ्यांच्या उभट खोबणी, दोहोंमधली चिंचोळी जागा, आत वळलेला चेहरा: समोर ओरांगउटान बघत होता. रामपिथेकस म्हणून मिरवलेली हाडं त्याच शिवपिथेकसच्या लहान चणीच्या प्राण्यांची ठरली, बहुधा माद्यांची. ज्यांनी राम उभा केला होता त्यांतल्याच एकाने त्याचं विसर्जन केलं. शास्त्रात हे घडतं, म्हणून मला शास्त्राचा लळा आहे. आणि गोष्ट तिथेही सरळ संपली नाही. १९९० साली त्याच्या दंडाची हाडं प्रसिद्ध झाली, ती ओरांगउटानसारखी लोंबकळणाऱ्याची नव्हती. फांद्यांवरून चार पायांवर चालणाऱ्याची होती. चेहरा एकाचा, हात दुसऱ्याचेच.

म्हणजे रामपिथेकस दोनदा नामशेष झाला. एकदा जंगलात, एकदा कागदावर. कागदावरचं मरण जरा लांबलं. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात तो त्यानंतरही कित्येक वर्षं माणसाच्या अधिक जवळचा म्हणून जगत राहिला आणि मुलं त्याच्यावर गुण मिळवत राहिली.

दर्शन झाल्यावर आम्ही रस्त्यावरच्या रसवंतीत बसलो. शिंगणापूरच्या वाटेवर लाकडी चरकाच्या रसवंत्या आहेत. बैल गोल फिरतो, चरक करकरतो, आलं-लिंबू घातलेला रस पेल्यात येतो. नानांच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे देऊ लागलो, आणि उत्तराचा अर्धा भाग त्या पेल्यातच होता.

हिमालय आणि तिबेटचं पठार उंचावत गेलं तशी मोसमी पावसाची लय बदलली. वर्षभर थोडा थोडा भिजणारा प्रदेश चार महिने चिंब आणि आठ महिने कोरडा व्हायला लागला. सलग जंगल फाटलं. मधल्या मोकळ्या जागांत गवत शिरलं, आणि ते जुनं साधं गवत नव्हतं. कमी पाण्यात, कडक उन्हात, हवेतला कार्बन जास्त शिताफीने पकडणारी गवतं होती. शास्त्रज्ञ त्यांना सी-४ म्हणतात. कपी संपल्यावरही हे थांबलं नाही; ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान या गवतांनी शिवालिकची मैदानं पुरती व्यापून टाकली. हे कळलं कशावरून? जुन्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांवरून. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला चुनखड सांगायला नको; नांगर जरा खोल गेला की ती पांढरी गाठ वर येते, आणि चुनखडीच्या रानात लिंबोणी पिवळी पडते म्हणून शिव्या खाते. शिवालिकच्या थरांतल्या तसल्याच गाठींमध्ये त्या त्या काळच्या झाडोऱ्याचा कार्बन अडकून बसला होता. जे क्वेड, थुर सर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजला आणि १९८९ साली दाखवून दिलं की एका ठरावीक काळानंतर जंगलाची खूण मावळते आणि गवताची उमटते.

ऊस हे सी-४ गवत. ज्वारी, बाजरी, मका हीसुद्धा. किंबहुना ही किमया पहिल्यांदा उकलली ती उसाच्याच पानांत: हवाईत ह्यूगो कॉर्टशाक आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक, १९६५-६६च्या सुमारास. शिवालिकात कपींच्या पायाखालचं, खरं तर हाताखालचं जंगल ज्या तऱ्हेच्या गवतांनी घेतलं, त्याच तऱ्हेच्या गवतांवर आमच्या तालुक्याचे साखर कारखाने उभे आहेत आणि आमच्या भाकऱ्या थापल्या जातात. नाना पेल्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपलं भलं झालं ते त्यांच्या मुळावर आलं म्हणायचं." तसंही म्हणता येईल. पण गवताने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि ती गवतं वाढली तेव्हा आपण अजून कुठे नव्हतो.

मोठा कपी पिकल्या फळांवर जगतो. फळ बारमाही हवं, म्हणजे एक झाड संपेपर्यंत दुसरं पिकलेलं हवं, म्हणजे जंगल मोठं आणि सलग हवं. आठ महिने कोरडे गेले की मधल्या दिवसांत काय खायचं? साल, कंद, कडक बिया. चालतं, पण पुरत नाही. त्यात दुसरी अडचण संसाराची. शिवपिथेकसच्या घरातलं आज उरलेलं माणूस म्हणजे ओरांगउटान. त्याची मादी एक पिल्लू वाढवते, त्याला झाडं ओळखायला शिकवते, आणि मग कुठे दुसऱ्याला जन्म देते. जंगलातल्या माद्यांच्या नोंदींवरून दोन पिल्लांमधलं सरासरी अंतर निघालं आहे साडेसात वर्षांच्या आसपास. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. योगायोग आहे, त्यात ग्रहाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण नगर जिल्ह्यातल्या माणसाने साडेसात हा आकडा वाचून पुढच्या ओळीवर सरळ जाणं कठीण आहे. एका पिल्लामागे एक साडेसाती. अशा प्राण्यात दर पिढीला एखाददुसरं जरी कमी वाचलं तरी तोटा भरून निघत नाही. दुष्काळ एका वर्षात संपतो, त्याचं देणं फिटायला शतक लागतं.

माकडांचं गणित वेगळं. वानर पानं खातो. त्याच्या पोटाला कप्पे असतात, त्यांत पानं आंबवून तो ती पचवतो. कोवळं पान नसेल तर जून पानावर भागवतो. वीण दोन-एक वर्षांनी. शिवालिकच्या थरांत कपींची हाडं ज्या सुमारास विरळ होतात, त्याच सुमारास या पानखाऊ वानरांची पहिली हाडं दिसू लागतात. सिंहासनावरून एक उतरला आणि त्याच्यापेक्षा बुद्धीने कमी, पण पोटाने खंबीर असा दुसरा बसला. शनिवारी तेल दोघांना जातं, शनीला आणि मारुतीला. रावणाच्या कैदेतून मारुतीने शनीला सोडवलं, म्हणून मारुतीच्या भक्ताला साडेसाती जाचत नाही, ही गोष्ट आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. वानरकुळाला ते वरदान लाभलं असं म्हणायला जागा आहे. कपिकुळाला त्याचा उपयोग झाला नाही.

सगळेच एका झटक्यात गेले असंही नाही. दक्षिण चीनमध्ये जायगँटोपिथेकस कितीतरी नंतरपर्यंत टिकला. राल्फ फॉन केनिग्सवाल्ड यांना १९३५ साली हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात त्याची दाढ मिळाली. तिथले वैद्य असले दात ड्रॅगनचे म्हणून औषधासाठी विकत. सुमारे ३ मीटर उंच आणि २०० ते ३०० किलो वजन, असा त्याचा अंदाज. २०२४च्या जानेवारीत आलेल्या अभ्यासाने गुआंग्शीच्या गुहांवरून त्याचा शेवट २ लाख ९५ हजार ते २ लाख १५ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान ठरवला. जंगल बदललं तेव्हा शेजारच्या ओरांगउटानने खाणं बदललं, जागा बदलली. हा मात्र आडबाजूच्या कोंडा-सालीवर येऊन, होता तिथेच राहिला. आकार एवढा की पळायलाही जागा हवी.

नानांनी मधेच विचारलं, इथे आपल्याकडे नव्हते का? कपींचं आपल्या बाजूचं सर्वात जवळचं हाड कच्छमधलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेला वरच्या जबड्याचा तो तुकडा शिवपिथेकसचा, सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वीचा. शिवालिकपासून हजारेक किलोमीटर दक्षिणेला. कच्छपर्यंत आले ते गोदाखोऱ्यात आले नसतील कशावरून? पण आमच्या भूमीला ते सांगता येत नाही. इथला काळा खडक लाव्हाचा, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागचा. त्याच्यावर नेवाशाला प्रवरेच्या काठी जो गाळ आणि दगडगोट्यांचा थर बसला आहे तो काही लाख वर्षांचा. मधली कोट्यवधी वर्षं या पठारावर नुसती झीज होत राहिली. कपींच्या काळाचा इतिहास लिहायला लागणारा कागदच इथे साठला नाही. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच नेवाशाच्या मातीत त्याआधीचं एवढं मोठं मौन आहे.

त्यानंतरचं मात्र भरपूर आहे. ह. धी. सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ पासून नेवाशाला उत्खनन केलं. शेजारी चिरकीला १९६६ ते १९६९ या काळात गुडरुन कोर्विनुस या जर्मन बाईंनी प्रवरेच्या दगडगोट्यांतून अश्मयुगीन हातकुऱ्हाडी आणि फरश्या थराथरांतून काढल्या. किमान साडेतीन लाख वर्षं जुन्या. आमच्या प्रवरेकाठची ही बाई पुढे इथिओपियातल्या अफारच्या वाळवंटात गेली, जिथे १९७४ साली ल्युसी सापडली त्या हाडारच्या मोहिमेत. तिथल्या गोनामधल्या अतिप्राचीन दगडी हत्यारांची पहिली नोंद तिच्या नावावर आहे. चिरकीच्या उन्हात दगड ओळखायला शिकलेली नजर तिकडे कामाला आली असणार, असं मला आपलं वाटतं. तालुक्याचा अभिमान म्हणा. हत्यारं घडवणारे ते हात कपिकुळातलेच. एकच फांदी जमिनीवर उतरली, गवताला घाबरली नाही, गवत खाणाऱ्या जनावरांच्या मागे लागली, आणि खूप पुढे जाऊन गवतच पेरायला लागली.

"म्हणजे त्यांचं काही चुकलं नव्हतं," नाना म्हणाले. नव्हतं. फळं खाल्ली, पोरं नीट वाढवली, घाई केली नाही. ज्या गुणांवर ४० लाख वर्षं तरले, त्याच गुणांनी बुडाले. त्यांच्या पत्रिकेत शनीला बसायला घरच नव्हतं.

आज उरलेल्यांचं तसं नाही. भारतात कपी म्हणावा असा एकच उरला आहे, ईशान्येकडचा हूलॉक गिबन. आसामात जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्याचे रेल्वेच्या रुळांनी दोन तुकडे केले आहेत, आणि हूलॉक जमिनीवर उतरून रूळ ओलांडणाऱ्यांतला नव्हे. सुमात्रात टोबा सरोवराच्या दक्षिणेला तपानुली ओरांगउटान आहे. २०१७ साली त्याची वेगळी जाती ठरली तेव्हाच तो ८०० च्या आत होता, आणि त्याच्या जंगलाच्या एका अंगाला धरण, दुसऱ्या अंगाला सोन्याची खाण. हे टोबा आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. तिथल्या ज्वालामुखीची राख कुकडीच्या काठावर बोरीला सापडते. नेमक्या कुठल्या स्फोटाची, यावर अभ्यासक अजून भांडतात. सुमात्राची, याबद्दल फारसं कुणी भांडत नाही. बोर्निओ आणि सुमात्राची सखल जंगलं पामच्या मळ्यांखाली गेली. जगात सर्वांत जास्त पामतेल बाहेरून आणणारा देश आपला.

शिंगणापूरच्या शिळेची झीज होते म्हणून २०२५ पासून तिथे फक्त ब्रँडेड खाद्यतेलच वाहायचं, असं ठरलं. भेसळीचं तेल दगडालाही सोसत नाही, म्हणून. घरातल्या तेलाची चौकशी त्या मानाने कमी होते. २०२२च्या दिवाळीत सरकारने रेशनवर शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला: रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. नानांच्या घरी तो आला होता. काकूंनी त्या तेलात चकल्या तळल्या, शेंगदाण्याच्या तेलाचा भाव सांगून त्यावर दोन शिव्याही घातल्या. चकल्या चांगल्या खुसखुशीत झाल्या होत्या. येताना त्यांनी मला डबा भरून दिला आणि तो पुण्याला पोचेपर्यंत अर्धा झाला होता.